नाणं खरं कशावरून? स्पॅनिश चांदीच्या डॉलरची पारख



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी मला फोन करून विचारलं, ‘सर, तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता हे स्पॅनिश नाण्यांचं काय काढलंत?’ प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की आमच्या विषयातलं भ्रमाचं एक जुनं उदाहरण चांदीचंच आहे. वाळूत शिंपला पडलेला असतो, त्यावर ऊन पडतं, तो चकाकतो आणि बघणाऱ्याला वाटतं, ही चांदी. ‘शुक्तिरजत’ म्हणतात याला. न्याय, मीमांसा, वेदान्त, सगळ्यांनी शतकानुशतकं या एका शिंपल्यावर वाद घातला आहे.

पण आज मी उलट्या चुकीबद्दल बोलणार आहे. शिंपल्याला चांदी समजणं ही एक चूक, आणि चांदीला शिंपला म्हणून टाकून देणं ही दुसरी. पहिल्या चुकीबद्दल सगळेच सावध करतात. दुसरी मी स्वतः केलेली आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो.

पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात काम करून निवृत्त झालेले एक गृहस्थ घरी आले. मूळचे रत्नागिरीकडचे. त्यांचे पणजोबा बोटीवर खलाशी होते. त्यांनी आणलेलं चांदीचं एक मोठं नाणं घरात होतं आणि दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाला ते देवापुढे ठेवत. मला जुन्या नाण्यांचा नाद आहे हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून ‘सर, हे काय आहे ते सांगा’ म्हणाले. मी भिंग घेतलं. एका बाजूला राजाचा चेहरा, ‘कारोलुस’ हे नाव, १७८९ साल. नावापुढे रोमन चार, आपण घड्याळात कधी कधी बघतो तसा, आय आणि व्ही. मी नुकतंच वाचलं होतं की कार्लोस चौथ्याच्या नाण्यांवर चारचा आकडा चार उभ्या रेघांनी लिहितात. शिवाय चेहरा चौथ्याचा नव्हता, त्याच्या बापाचा, कार्लोस तिसऱ्याचा होता. आणि नाण्यावर दोन-तीन ठिकाणी कसले तरी बारीक ठोकलेले डाग. मी पाच मिनिटांत सांगून टाकलं, ‘नकली आहे.’

ते निमूटपणे गेले. काही महिन्यांनी रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, ‘खोटं नाणं देवापुढे कसं ठेवणार, सर? सराफाला दिलं. मोडीत घेतलं त्यानं, चांदीच्या भावानं. मुलीला पैंजण केले.’ मी मान डोलावली. सराफानं ते चांदीच्या भावानं घेतलं, या वाक्यात माझ्या निकालाविरुद्धचा पुरावा होता, आणि तो त्या वेळी माझ्या ध्यानातही आला नाही.

माझं नेमकं काय चुकलं, ते आज आपण पाहू. त्यासाठी आधी हे नाणं काय आहे ते समजून घेतलं पाहिजे.

तीन माणसांचं बघणं

पाचव्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोष नावाचा बौद्ध आचार्य होऊन गेला. त्याच्या ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथात नाण्यांचं एक फार चांगलं उदाहरण आहे. सराफाच्या फळीवर नाण्यांचा ढीग पडला आहे आणि तिघं जण तो बघत आहेत: एक लहान मूल, एक खेडूत आणि एक सराफ. मुलाला एवढंच कळतं की ही गोल-चौकोनी, नक्षीची काहीतरी वस्तू आहे. खेडुताला हेही कळतं की हिच्या बदल्यात वस्तू मिळतात. सराफाला याच्या पलीकडचं कळतं. कोणतं खरं, कोणतं खोटं, कोणतं अर्धवट कसाचं. तो नाणं बघतो, वाजवतो, वास घेतो, चव घेतो, हातावर तोलतो, आणि कुठल्या गावी, कोणत्या कारागिरानं घडवलं हेही सांगतो. संज्ञा, विज्ञान आणि प्रज्ञा यांतला फरक सांगायला बुद्धघोषानं हा दाखला दिला आहे.

मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. सराफ एकाच खुणेवर थांबत नाही. डोळा, कान, नाक, जीभ, हात, पाचही साक्षीदार तो वेगवेगळे तपासतो. मी त्या दिवशी फक्त डोळ्याला विचारलं होतं.

नाणं कुठून आलं

या नाण्याचं मूळ नाव ‘रिआल दे आ ओचो’, म्हणजे आठ रिआलांचं नाणं. इंग्रज त्याला स्पॅनिश डॉलर म्हणत. १४९७ साली फर्नांदो आणि इसाबेल या राजाराणीनं रिआलचं वजन आणि कस ठरवून दिला. पुढे अमेरिका खंडात चांदीच्या प्रचंड खाणी हाती लागल्या. आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीचा डोंगर १५४५ साली, मेक्सिकोतल्या साकातेकासची खाण त्याच्या पुढच्याच वर्षी. मेक्सिकोत टांकसाळ १५३६ पासून चालू झाली, मग लिमा, मग १५७०च्या दशकात पोतोसी. पोतोसीच्या खाणीत ‘मिता’ नावाच्या सक्तीच्या पाळीनं तिथल्या मूळ रहिवाशांना राबवून घेतलं गेलं. आपण हातात घेतो त्या सुबक वस्तूच्या मागे हे आहे, हे विसरून चालणार नाही.

ही चांदी एका बाजूनं युरोपात गेली आणि दुसऱ्या बाजूनं आकापुल्कोहून मनिलाला, तिथून चीनला. आपल्याकडेही आली. सुरतेला कंपनीची जहाजं रिआलच्या पेट्या उतरवत. पण मुघल मुलखात चलन रुपयाचं, त्यामुळे बहुतेक रिआल टांकसाळीत जाऊन वितळले आणि रुपये होऊन बाहेर पडले. म्हणून आपल्याकडे शाबूत डॉलर क्वचित सापडतो.

ओळखीच्या दृष्टीनं या नाण्याचे तीन प्रकार लक्षात ठेवा.

पहिला प्रकार वेड्यावाकड्या आकाराचा. स्पॅनिशमध्ये त्याला ‘माकुकिना’ म्हणतात, इंग्रजीत ‘कॉब’. चांदीच्या पट्टीचा तुकडा तोडायचा, वजन बरोबर येईपर्यंत कात्रीनं कोपरे छाटायचे आणि ठशावर ठेवून हातोडा मारायचा. त्यामुळे अक्षरं अर्धीमुर्धी उमटतात आणि कडा ओबडधोबड राहतात.

दुसरा प्रकार स्तंभांचा. मेक्सिकोत १७३२ पासून यंत्रावर गोल नाणी पडू लागली. एका बाजूला समुद्राच्या लाटांवर दोन पृथ्वीगोल, त्यांवर मुकुट आणि दोन्ही अंगांना दोन खांब. हे हर्क्युलिसचे खांब, म्हणजे जिब्राल्टरची सामुद्रधुनी. खांबांवर ‘प्लुस उल्त्रा’, याच्याही पलीकडे; आणि वर ‘उत्राक्वे उनुम’, दोन्ही एकच, म्हणजे जुनं जग आणि नवं जग.

तिसरा प्रकार चेहऱ्याचा, १७७२ पासून. पुढच्या बाजूला रोमन वेशातला, डोक्याला पानांची माळ घातलेला राजा, उजवीकडे बघणारा. भोवती नाव आणि ‘देइ ग्रातिया’, ईश्वरकृपेनं. मागच्या बाजूला किल्ले आणि सिंह असलेली ढाल, दोन खांब, आणि ‘हिस्पान एत इंद रेक्स’, स्पेन आणि ‘इंदां’चा राजा. हे ‘इंद’ म्हणजे अमेरिका. कोलंबसाच्या भूगोलातली चूक तीनशे वर्षं राजमुद्रेवर चालली. म्हणजे चुका अधिकृतही असू शकतात. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

नाणं वाचायचं कसं

तिसऱ्या प्रकाराच्या मागच्या बाजूला कडेनं बारीक खुणा असतात: टांकसाळीची खूण, आठचा आकडा व आर हे अक्षर, आणि कस तपासणाऱ्या अधिकाऱ्यांची आद्याक्षरं. मेक्सिकोची खूण एम अक्षर आणि त्यावर छोटा ओ. पोतोसीची खूण पी, टी, एस, आय ही अक्षरं एकावर एक रचून. लिमाचीही अशीच जोडाक्षरी. सान्तियागोची एसवर छोटा ओ. आद्याक्षरं म्हणजे जबाबदारीची सही. कस कमी भरला तर मान कोणाची धरायची ते नाण्यावरच लिहिलेलं.

आता राजा, साल, टांकसाळ आणि सही या चार गोष्टी एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. नकली नाणी करणाऱ्यांची इथे फसगत होते. कार्लोस चौथा गादीवर आला १७८८च्या डिसेंबरात. तेव्हा कोणी १७८१ सालचं कार्लोस चौथ्याचं नाणं दाखवलं, तर बोलणंच संपलं. १७९५ साली एफ-एम ही सही मेक्सिकोची. तीच सही त्याच साली पोतोसीच्या खुणेशेजारी दिसली तर संशय घ्यायचा. अशी न जुळणारी जोडगोळी स्वस्तातल्या नकलांवर सर्रास आढळते, कारण करणारा पुढची बाजू एका नाण्यावरून उचलतो आणि मागची दुसऱ्यावरून.

मी हेच तर केलं होतं ना? राजा आणि चेहरा जुळत नाही, आकडा जुळत नाही, म्हणून नकली. मग चूक कुठे झाली?

कार्लोस तिसरा माद्रिदला वारला. ती बातमी समुद्र ओलांडून मेक्सिकोला पोचायला महिने लागायचे आणि नव्या राजाच्या चेहऱ्याचा नमुना येऊन ठसे तयार व्हायला आणखी वेळ. तोवर टांकसाळ बंद ठेवता येत नाही. म्हणून १७८९-९० मध्ये जुन्या राजाचा चेहरा आणि नव्याचं नाव अशी नाणी अधिकृतपणे पडली. आणि त्या मधल्या काळातल्या मेक्सिकोच्या नाण्यांवर चारचा आकडा आय-व्ही असा आहे. चार उभ्या रेघा नंतर आल्या. म्हणजे ज्या दोन खुणांवर मी नाण्याला नकली ठरवलं, त्या दोन्ही खुणा त्या सालच्या अस्सल नाण्यावर असायलाच हव्या होत्या.

अशी आणखी उदाहरणं आहेत. १७७२ आणि १७७३ च्या मेक्सिकोच्या नाण्यांवर टांकसाळीची खूण आणि सही चक्क उलटी, डोकं खाली पाय वर अशी सापडते. ती नाणी अस्सल आहेत.

न्यायशास्त्रात याला नेमका शब्द आहे. धुरावरून अग्नीचं अनुमान करतो तेव्हा ‘जिथे धूर तिथे अग्नी’ ही व्याप्ती आपण गृहीत धरतो. मी गृहीत धरलेली व्याप्ती होती, ‘जिथे आय-व्ही तिथे नकल’. तिला अपवाद होता. अपवाद असलेल्या हेतूला सव्यभिचार म्हणतात आणि तो हेत्वाभासांत मोडतो. मी हे वर्गात पंचवीस वर्षं शिकवत होतो. नाणं समोर आलं तेव्हा विसरलो.

काटा, पाणी आणि कड

लेखावरून संशय येतो, निकाल येत नाही. निकालाकडे जायला नाण्याच्या शरीराकडे वळलं पाहिजे.

आधी वजन. स्तंभांचं किंवा चेहऱ्याचं नवं नाणं सत्तावीस ग्रॅमच्या किंचित वर भरतं. चांगलं वापरलेलं साडेसव्वीसपर्यंत उतरू शकतं. व्यास ३९ ते ४० मिलिमीटर. घरात राणीछाप रुपया असेल तर तो ११.६६ ग्रॅमचा, हा त्याच्या सव्वादोन पटींहून जड. समुद्रात बुडालेल्या जहाजातलं नाणं असेल तर खारं पाणी चांदी खातं, त्यामुळे वजन बरंच कमी भरू शकतं.

मग पाणी. आर्किमिडीजची युक्ती. दोन दशांश स्थळांपर्यंत वजन दाखवणारा डिजिटल काटा घ्या. त्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडेल असं लोंबतं धरा, तळाला आणि बाजूला लागू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल तितके घनसेंटिमीटर नाण्याचं आकारमान. समजा नाणं कोरडं २६.८ ग्रॅम आहे आणि काट्यानं २.६ दाखवले. भागाकार केला की १०.३ येतात. शुद्ध चांदीची घनता साधारण १०.५, तांब्याची सुमारे ९. या नाण्यात थोडं तांबं असतं, म्हणून १०.३च्या आसपास उत्तर येणं बरोबर आहे. तांबं-निकेलची नकल असेल तर ८.९ येईल. त्याच आकाराची ती नकल २३ ग्रॅमच्या आसपासच भरते. वजन गाठायचं तर जाडी वाढवावी लागते, आणि जाडी बरोबर ठेवली तर वजन पडतं. नकल करणाऱ्याची ही अडचण त्याला लपवता येत नाही.

चुंबकही लावून बघा. नाणं चिकटलं तर आत लोखंड आहे, विषय संपला. चिकटलं नाही तर काहीच सिद्ध होत नाही, कारण पितळही चिकटत नाही.

आता कड. लोक नाण्याच्या दोन बाजू बघतात. पारखी तिसरी बघतो. कॉब नाण्यांच्या कडा लोक कातरून चांदी काढून घेत, म्हणून यंत्राच्या नाण्यांना कडेवर नक्षी दिली. स्तंभांच्या नाण्यावर पानांची, चेहऱ्याच्या नाण्यावर एक वर्तुळ, एक चौकोन, पुन्हा वर्तुळ, पुन्हा चौकोन. ही नक्षी उमटवायला चांदीची कोरी चकती दोन पट्ट्यांमधून घरंगळत नेत. प्रत्येक पट्टी अर्ध्या घेराची. त्यामुळे नक्षीचे सांधे दोन ठिकाणी येतात, समोरासमोर, आणि तिथे नक्षी थोडी एकमेकींवर चढलेली किंवा आक्रसलेली दिसते. आजच्या साच्यातल्या ओतीव नकलेवर बहुतेकदा हे नसतं. नक्षी सगळीकडे यंत्रवत सारखी असते किंवा कडेच्या मधोमध साच्याची शिवण असते, कानशीनं घासून लपवलेली.

ओतलेलं नाणं आणि ठशाखाली दाबलेलं नाणं यांत फरक असतोच. ओतीव धातूत हवेचे बुडबुडे अडकून बारीक छिद्रं राहतात, अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या बुळबुळीत होतात. आपल्याकडे नाणं वाजवून घ्यायची पद्धत होती, त्यातही अर्थ आहे. चांगली चांदी खणखणते, ओतीव नाणं बरेचदा बद्द वाजतं. पण आत चीर असलेलं अस्सल नाणंही बद्द वाजतं. म्हणजे इथेही व्यभिचार आहेच.

कॉब नाण्यांसाठी एक सोपी कसोटी. ती हातानं कातरलेली असल्यामुळे दोन नाण्यांची बाह्यरेषा कधीच जुळत नाही. तुमच्या कॉबचा जुळा भाऊ कुठे दिसला, तोच कोपरा, तीच चीर, तोच ओरखडा, तर दोघांपैकी एक तरी नकल आहे. बहुधा दोन्ही.

आपलंच नाणं खोटं

आतापर्यंत मी ‘अस्सल’ हा शब्द एकाच अर्थानं वापरल्यासारखं बोललो. तसं नाही. मराठीत म्हण आहे, आपलंच नाणं खोटं. पोतोसीत हे शब्दशः घडलं.

१६४०च्या दशकात पोतोसीच्या टांकसाळीतून कमी चांदीची नाणी बाहेर पडू लागली. युरोपातल्या बाजारात ती नाकारली जाऊ लागली, बोभाटा झाला. राजानं चौकशीला फ्रान्सिस्को दे नेस्तारेस मारीन यांना पाठवलं. चांदीचा बडा व्यापारी गोमेझ दे ला रोचा आणि कस तपासनीस रामिरेझ दे आरेयानो यांना देहदंड झाला. जुन्या नाण्यांवर मुकुटाचे छोटे शिक्के मारून ती कमी किमतीला चालवली आणि १६५२ पासून नाण्याची नक्षीच बदलली.

आता मला सांगा, ते भेसळीचं नाणं खरं की खोटं? ठसा राजाचा, टांकसाळ राजाची, सही अधिकाऱ्याची. आणि चांदी कमी.

पुढे राजानं स्वतःच हे केलं. चांदीचा कस बारा भागांत मोजत. स्तंभांच्या नाण्यात बारातले अकरा भाग चांदी, म्हणजे हजारात ९१७. १७७२ साली राजाचा चेहरा नाण्यावर आला आणि त्याच वेळी गुप्त हुकमानं कस ९०३ वर आणला. १७८६ साली पुन्हा गुपचूप ८९६ वर. लोकांना सांगितलं नाही.

उलटही आहे. आजचे काही नकल करणारे चांगली चांदी वापरून नाणी पाडतात, कारण संग्राहकाकडून मिळणारी किंमत चांदीच्या किमतीहून कितीतरी जास्त असते. ते नाणं पाण्याच्या चाचणीत पास होतं. आणि त्या काळातल्या नकला वेगळ्याच. तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेली खोटी डॉलर नाणी अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इतकी होती की न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीतल्या जॉन रिडेल यांनी १८४५ साली खऱ्या-खोट्या डॉलरांचं सचित्र पुस्तकच काढलं. ती खोटी नाणी आज दोनशे वर्षं जुनी आहेत. लोक तीही जमवतात.

म्हणून ‘खरं का?’ हा एक प्रश्न नाही, तीन आहेत. हे कोणी आणि केव्हा घडवलं? यात काय आहे? आणि घडल्यानंतर याच्यावर काय काय झालं? तिन्हींची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात. काटा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, पहिल्याचं नाही. लेख आणि कड पहिल्याचं देतात, दुसऱ्याचं नाही. मी ‘नकली’ म्हणालो तेव्हा कोणत्या प्रश्नाचं उत्तर देत होतो, हे मलाच ठाऊक नव्हतं. सराफानं दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिलं: चांदी आहे. मी ते ऐकूनही घेतलं नाही.

सराफाची साक्ष

आता त्या डागांबद्दल. तिसरा प्रश्न.

चीनमध्ये स्पॅनिश डॉलर फार चाले. तिथे नाणं मोजून घेत नसत, तपासून घेत. तपासणारा पटला की स्वतःचा बारीक शिक्का नाण्यावर ठोकायचा. एकेका नाण्यावर असे दहा-वीस शिक्के दिसतात. इंग्रजीत या शिक्क्याला ‘चॉप’ म्हणतात आणि तो शब्द आपल्या ‘छाप’वरून गेलेला आहे. चीनच्या व्यापारात नाणी पारखणाऱ्याला इंग्रज ‘श्रॉफ’ म्हणत, म्हणजे आपला सराफ, मूळ अरबी. आपल्या बाजारातले हे दोन शब्द कॅन्टनच्या धक्क्यावर रुजू झाले होते.

तेव्हा खलाशाच्या घरातल्या नाण्यावरचे ते डाग. बोट चीनकडे जाऊन आली असेल तर ते डाग म्हणजे परीक्षकांच्या साक्षी असू शकतात. मी त्यांना खराबी समजलो. अर्थात सावधगिरी इथेही हवी: खोटे छापही मारता येतात आणि मुलाम्याच्या काही नाण्यांवरही छाप सापडले आहेत. साक्षीदार खोटा असू शकतो म्हणून साक्ष ऐकायचीच नाही असं नसतं. ती इतर साक्षींशी ताडून बघायची असते.

हेच प्रमाणपत्रांबद्दल. फ्लोरिडाजवळ १६२२ साली बुडालेलं ‘आतोचा’, मेक्सिकोच्या आखातात १७८४ साली बुडालेलं ‘एल कासादोर’, या जहाजांतली नाणी कागदासह विकली जातात. कागद हे शब्दप्रमाण. शब्दप्रमाण केव्हा मानायचं? बोलणारा आप्त असेल तेव्हा, म्हणजे ज्याला विषय कळतो आणि ज्याला फसवायचं नाही. कागद नेमका याच नाण्याचा आहे का, वजन आणि फोटो जुळतात का, हे बघा. क्ष-किरणांची तपासणी चांगली, पण ती पृष्ठभागच बघते. मुलामा जाड असेल तर तीही फसते. तिचा एक उपयोग मात्र मोठा आहे. जुन्या पद्धतीनं शुद्ध केलेल्या चांदीत सोन्याचा अत्यल्प अंश राहून जाई, आजच्या चांदीत तो जवळजवळ नसतो.

एक चिठ्ठी

एक चिठ्ठी आली आहे. ‘घरात आजोबांचं असं नाणं आहे, काळं पडलंय, चिंचेनं घासू का?’ नका घासू. चिंच नको, राखुंडी नको, कसलीही पावडर नको. तो काळा थर वर्षांचा आहे. खाचेत कसा साठला आहे, उंचवट्यावर कसा पुसला गेला आहे, यावरून पारखी पुष्कळ वाचतो. घासलंत की तो साक्षीदार गेला. दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढा, वजन लिहा, पाण्यातला आकडा लिहा, नाणं कोणाकडून आलं ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. मग जाणत्याकडे जा. आणि तो जाणता पाच मिनिटांत ‘नकली’ म्हणाला, तर त्याला विचारा: कशावरून? तीनपैकी कोणत्या प्रश्नाचं हे उत्तर आहे?

मला काही वर्षांनी माझी चूक कळली तेव्हा मी त्या गृहस्थांकडे गेलो आणि सांगितलं. ते नाणं अस्सलच होतं असं मी आजही म्हणू शकत नाही. मी त्याचं वजन केलं नव्हतं, कड बघितली नव्हती. माझी कारणं चूक होती, एवढंच मला ठाऊक आहे. आता तपासायला नाणं नाही. ते म्हणाले, ‘जाऊ द्या सर, चांदी कुठे गेली? पैंजण आहेत की.’

बरोबर आहे त्यांचं. चांदी गेली नाही. सुरतेला वितळलेल्या रिआलांचीही गेली नव्हती. पण त्या नाण्याला जे विचारायचं होतं, ते आता कोणालाच विचारता येणार नाही. खरं म्हणून चुकलो तर नाणं समोर असतं, उद्या पुन्हा तपासता येतं. खोटं म्हणून चुकलो तर बरेचदा तपासायला काही उरतच नाही. म्हणून माझी विनंती आहे, खोटं म्हणायच्या आधी जास्त वेळ घ्या.